फोटोपुढची कोल्ड कॉफी

माझे यजमान ऐन उन्हाळ्यात गेले. उद्यमनगरात त्यांचं मोटर रिवायंडिंगचं छोटं दुकान होतं. तिथंच खुर्चीत बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. त्याबद्दल मी इथं फार लिहिणार नाही. लिहायचंय ते त्यानंतरच्या एका दुपारीबद्दल, आणि नुसतं आठवलं तरी अजून माझी कानशिलं तापतात.

रक्षाविसर्जन होऊन दोनतीन दिवस झाले असतील. घर माणसांनी भरलं होतं. सासूबाई होत्या, त्यांना मी आत्ती म्हणते. पुण्याला शिकणारी माझी एकुलती एक मुलगी आली होती. शिरोळहून माझी नणंद आली होती, यजमानांची धाकटी बहीण, आमच्या वन्सं. आणि राधानगरीकडच्या एक चुलत सासूबाई, ज्यांचा शब्द आमच्या भावकीत कुणी खाली पडू देत नाही.

भेटायला येणाऱ्यांची रीघ सकाळपासून असायची. आलेल्यानं हुंदका द्यायचा, मी पदर तोंडाला लावायचा, मग शेजारणींनी किटलीतून आणलेला चहा फिरायचा. कुणी आलं की चहा, कुणी उठलं की चहा. उकळून उकळून काळा झालेला, साखरेनं चिकट. 'वैनी, दोन घोट घ्या, अंगात काय तरी जायाला पायजे,' असं म्हणून कप माझ्या हातात दिला जायचा आणि मी तो प्यायचे. माझ्या जिभेवर त्या चहाचा थर बसला होता.

मला मुळात चहा आवडत नाही. कॉफी आवडते. माहेरी, गारगोटीला, कॉफी म्हणजे आजाऱ्याला किंवा पाव्हण्याला. सासरी तर सगळं चहाचंच राज्य. पण लग्नानंतर मी घरात ब्लाउज शिवायला लागले, चार पैसे माझे स्वतःचे आले, तेव्हा पहिल्यांदा इन्स्टंट कॉफीची छोटी बाटली विकत आणली. मग तो माझा रोजचा छंदच झाला. दुपारी आत्ती झोपल्या, यजमान दुकानात, की मी मशीनवरून उठायचे. कपात कॉफी, साखर, चमचाभर गरम पाणी. चमच्यानं घोटत राहायचं, काळ्याचं तपकिरी आणि तपकिरीचं फिकट पिवळं होईपर्यंत. मग म्हशीचं थंड दूध, साय बाजूला सारून, आणि बर्फ. मिक्सरमधून काढलं की वर बोटभर फेस. काचेच्या उंच ग्लासात ओतून, खिडकीजवळ बसून, एकटीनं प्यायचं. अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मी कुणाची कुणी नसायचे.

यजमानांना कॉफीचा वास सहन व्हायचा नाही. रविवारी ते घरी असले आणि मी कॉफी केली, की ते ताट, पेपर, जे हातात असेल ते घेऊन बाहेरच्या खोलीत जायचे. 'तुझं औषध पिऊन झालं की सांग,' म्हणायचे. रागानं नव्हे, पण जायचे.

तर ती दुपार. बाहेरच्या खोलीत सतरंज्यांवर सगळे आडवे झाले होते. पंखा गरम वारा ढवळत होता. मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले, फ्रिज उघडला, आणि थंडगार हवा तोंडावर आली. समोर दुधाचं पातेलं. वर बर्फाचा ट्रे. आणि एकदम मला कोल्ड कॉफी प्यावीशी वाटली. वाटली म्हणजे इतकी, की तोंडाला पाणी सुटलं.

इथं मला खरं सांगायला हवं. मला त्या क्षणी नवऱ्याची आठवण झाली नव्हती. दुःखानं काही सुचेना म्हणून हात आपोआप चालले, असंही नाही. मला निव्वळ हवी होती. नवरा जाऊन आठवडाही झाला नसताना माझी जीभ जिवंत होती आणि ती मागत होती. याची मला तेव्हाही लाज वाटली, पण लाज वाटत असतानाच मी कॉफीची बाटली खाली काढली.

आवाज न करता घोटून घेतली. खरं तर तेवढ्यावर भागलं असतं. बर्फ टाकून चमच्यानं ढवळून दोन मिनिटांत पिऊन झाली असती, कुणाला पत्ता लागला नसता. पण मला फेस हवा होता. मी मिक्सरच्या भांड्याभोवती जाड टॉवेल गुंडाळला, झाकणावर दोन्ही हात दाबून धरले आणि बटण फिरवलं.

बर्फ मिक्सरमध्ये कसा वाजतो ते ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. पत्र्यावर खडी ओतल्यासारखा आवाज घरभर झाला. मी घाबरून लगेच बंद केला, तोवर व्हायचं ते झालं होतं. पण फेस आला होता. मी ग्लासात ओतली, आणि कुणी यायच्या आत एक घोट तरी मिळावा म्हणून तिथंच ओट्याशी उभ्या उभ्या ग्लास तोंडाला लावला.

'वैनी, काय करतायसा?'

दारात वन्सं उभ्या होत्या. त्यांच्या खांद्यावरून चुलत सासूबाई डोकावत होत्या. माझ्या वरच्या ओठाला फेस लागलेला होता, तो मला जाणवत होता, पण हात वर करून पुसायची हिंमत होईना.

चुलत सासूबाईंनी ग्लासाकडं बघितलं, मग माझ्याकडं. 'अजून राख गार झाली न्हाय,' त्या म्हणाल्या. 'आन् हिला सरबतं सुचायला लागली.'

मी ग्लास हातात धरून तशीच उभी राहिले. तेवढ्यात मुलगी मागून आली. तिनं एका नजरेत सगळं पाहिलं आणि माझ्या हातातून ग्लास काढून घेतला.

'बाबांना आवडायची,' ती म्हणाली. 'आई त्यांच्या फोटोपुढं ठेवायला करत होती. गोड झालीय का तेवढं बघत होती फक्त.'

इतक्या सहज म्हणाली, की क्षणभर मलाच खरं वाटलं. वन्संचे डोळे भरून आले. 'व्हय? दादाला आवडायची?' त्यांनी ग्लास मुलीकडून घेतला, पदरानं बाहेरून पुसला आणि नेऊन फोटोपुढं, समईच्या शेजारी ठेवला. मग त्या आणि चुलत सासूबाई दोघी मिळून रडल्या. आत्ती कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी ग्लासाकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

ती सबंध दुपार मी त्या ग्लासासमोर बसून काढली. येणारे येत होते, रडत होते. वन्सं प्रत्येकाला सांगत होत्या, 'माझ्या भावाला गार कॉफी लई आवडायची. वैनीनं सवताच्या हातानं करून ठेवलीया.' लोक हळहळत होते. आणि मी बघत होते फेस खाली बसतोय, बर्फ वितळतोय, काचेवरून पाण्याचे ओघळ उतरतायत. मला अजूनही ती हवी होती.

संध्याकाळी मुलगी म्हणाली, 'तू नुसती उभी होतीस गं. मग मीच बोलले.' मी तिला रागावले नाही, शाबासकीही दिली नाही. दिवाबत्तीच्या वेळी वन्संनी ग्लास माझ्याकडं दिला, तुळशीत ओता म्हणाल्या. मी तो घेऊन मागच्या दारी गेले. कोमट झाली होती, उदबत्तीची राख वर पडली होती. राख फुंकली आणि उभ्या उभ्या सगळी प्यायले. ग्लास विसळायला वळले तर मागच्या पायरीवर आत्ती बसलेल्या. किती वेळ बसल्या होत्या कोण जाणे. मी ग्लास विसळला आणि त्यांच्या बाजूनं, पदर सावरत, आत गेले.

मला वाटलं, झालं ते इथंच संपलं. पण दहाव्याच्या आदल्या दिवशी वन्सं म्हणाल्या, 'वैनी, उद्या घाटावर न्यायला दादाची कॉफी करून द्या.'

पहाटे उठून मी ती केली. मिक्सर मोठ्यानं वाजला आणि या वेळी कुणी दारात आलं नाही. उलट चुलत सासूबाईंनीच फ्रिजमधला बर्फ काढून दिला.

पंचगंगेच्या घाटावर क्रियेला माझी मुलगीच बसली. थोडी कुजबुज झाली होती, पण आत्तींनी 'बसू दे तिला' म्हटल्यावर सगळे गप्प झाले. पिंड मांडले आणि आम्ही मागं सरून उभे राहिलो. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, खाली येईनात. माझ्या चुलत दिरांनी दुकान सांभाळायचा शब्द दिला. मी हात जोडून मुलीचं शिक्षण पूर्ण करीन म्हणाले. कावळा हलेना. ऊन चढायला लागलं.

तेव्हा वन्संनी पिशवीतून थर्मास काढला, स्टीलच्या पेल्यात कॉफी ओतली आणि पिंडाजवळ ठेवली. 'दादा,' त्या म्हणाल्या, 'तुझी कॉफी आनलीया बघ.'

त्या मागं सरतात न सरतात तोच एक कावळा उतरला आणि त्यानं पिंडाला चोच लावली.

लोक ढसाढसा रडले. वन्संनी मला मिठी मारली. 'बघितलंसा वैनी? कॉफीवर जीव अडकला हुता त्याचा.' मी मुलीकडं बघितलं. ती खाली मान घालून पाण्याकडं बघत होती. ज्या माणसाला कॉफीचा वास आला तरी खोली सोडून जावं लागायचं, त्याच्या शेवटच्या पानापुढं आम्ही ती ठेवली होती. मला वाटलं, आत्ता इथंच सांगून टाकावं. पण वन्सं इतक्या शांत दिसत होत्या. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच.

पाहुणे पांगले, मुलगी पुण्याला परतली आणि घरात आत्ती आणि मी दोघीच उरलो. एका दुपारी भाजी निवडता निवडता आत्ती म्हणाल्या, 'माझ्या पोराला कापी चालत न्हवती. ल्हानपनी तापात पाजली तर भडाभडा वकला. तवापास्नं वास बी घेत न्हवता.'

माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

'तुला प्यायची हुती तर प्यायचीस की,' त्या म्हणाल्या. 'कोन काय म्हनलं असतं, चार दिस म्हनलं असतं. त्याच्या नावावर कशाला घातलीस?'

मी म्हणाले, 'आत्ती, चुकलं.'

'मी न्हाय बोलनार कुनाला,' एवढंच म्हणून त्यांनी निवडलेली भाजी माझ्याकडं सरकवली. त्या चिडल्या असत्या, दोन शब्द लागतील असे बोलल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. दुपारी मी कॉफी करायला उठले की मात्र त्या मुद्दाम झोपल्यासारखं करतात, असं मला वाटतं. खरं काय ते विचारायची माझी छाती होत नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा वन्संचा शिरोळहून फोन आला. थर्मास घेऊन येते म्हणाल्या. मग हसून म्हणाल्या, 'आमच्या पोरी बी आता मामाची कॉफी, मामाची कॉफी करत पित्यात. धाकटीला तर मीच शिकवली करायला.'

मला ते ऐकवेना. मी फोनवरच सगळं सांगितलं. मुलगी बोलली आणि मी गप्प बसले, हेही. कॉफी मला हवी होती, फक्त मला, हेही. पलीकडून ट्रॅक्टर गेल्याचा आवाज आला.

वन्संनी एवढंच विचारलं, 'मग कावळा कसा शिवला?'

त्यांनी फोन ठेवला.

वर्षश्राद्धाला त्या येतात की नाही याची मला धास्ती होती. आल्या. थर्मास आणला नव्हता. पुरणपोळ्या लाटल्या, नैवेद्याचं पान स्वतः वाढलं आणि पानाशेजारी चहाचा कप ठेवला, भरपूर साखरेचा. माझ्याशी कामापुरतं बोलल्या. सगळी माणसं गेल्यावर स्वयंपाकघरात आल्या, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, 'वैनी, पोरींना मी काय बी सांगितलं न्हाय. तुमी बी सांगू नगा.'

'नाही सांगत,' मी म्हणाले.

'त्यास्नी मामाचं तेवढंच काय ते ठावं हाय.'

मागच्या महिन्यात आत्तींना घेऊन शिरोळला गेले होते. आम्ही टेकतो न टेकतो तोच धाकटी भाची ग्लास घेऊन आली. फेस चांगला धरला होता, साखर जरा जास्त झाली होती. 'मामी, मामाची कॉफी,' ती म्हणाली आणि कशी झालीय ते बघायला माझ्यासमोर उभी राहिली. वन्सं चुलीकडं तोंड करून भाकरी थापत होत्या. आत्तींनी आपला चहा बशीत ओतला. मी ग्लास तोंडाला लावला, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि 'छान झालीय गं' म्हणाले. तिच्या तोंडाकडं मात्र मला बघवलं नाही.