अर्ध्या गजऱ्यात पाव किती

आई चेन्नईजवळ अंबत्तूरच्या कारखान्यात पॅकिंगला होती, बाबा तिथंच हमाली करायचे. दोघांनाही अक्षरओळख नव्हती. मी आठवीत होते, तेव्हा बाबांनी सांगून टाकलं, "यंदा गणितात नापास झालीस, तर शाळा बंद. आईबरोबर कामाला."

परीक्षेच्या सकाळी बसथांब्यावर मी अपूर्णांकांचा नियम घोकत होते, "भागायचं तर उलटा करा आणि गुणा." शेजारी एक वयस्क बाई बसल्या होत्या. तंजावरच्या जुन्या मराठीत, तमिळ हेल काढून त्यांनी विचारलं, "उलटा कशाला गे?"

"नाहीतर मिस मारते."

"अय्यो! बरं, अर्ध्याला पावाने भाग."

मी भलताच अपूर्णांक उलटा केला. "अर्धा," म्हणाले.

चूक म्हणाल्या नाहीत. केसांतला गजरा सोडून त्यांनी माझ्या हातात दिला. "दुमड. आता परत दुमड. या सगळ्या गजऱ्यात असे पाव किती?"

"चार."

"मग अर्ध्या गजऱ्यात?"

"त्याच्या निम्मे. दोन!" मी थांबले. "म्हणजे पाव उलटा करून चारने गुणायचं ते यासाठी?"

त्यांनी होकारार्थी मान एका बाजूला कलती केली आणि त्या हसल्या. "पाठ कर की, कण्णा," त्या लाडानं म्हणाल्या, "पण आधी बघ, मग पाठ कर."

एवढ्यात त्यांची बस आली. नाव विचारायचं राहून गेलं, त्या पुन्हा दिसल्याही नाहीत. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, गणित आपल्यालाही कळू शकतं.

त्या वर्षी मी पास झाले. पुढे गणितातच पदवी घेतली. आमच्या घराण्यात कॉलेजला गेलेली मी पहिली.