मधलं रीडिंग

पुतणीला मी खोटं सांगितलं, हे आजवर बायकोलाही बोललो नाही. प्रकाशाचा अभ्यास करायची पदवी असते, हे मला माहीत होतं. नसते, असं मी तिला सांगितलं. का सांगितलं, याचा उलगडा अजून नीट होत नाही. लिहिताना झाला तर बघू.

तेव्हा मी आमच्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट होतो. लागोपाठ दुष्काळ पडलेला. उभा ऊस छावणीत जनावरांपुढं गेला आणि त्या वर्षी बॉयलर पेटलाच नाही. तरी आम्ही हजेरीला जायचो, लॅबमधली यंत्रं पुसून ठेवायचो. दादाच्या गावाला पाणी नव्हतं, म्हणून त्याची पोरगी आमच्याकडं कॉलनीत राहून बारावी करत होती.

एकदा ती डबा द्यायला आली आणि पोलारीमीटर बघू म्हणाली. साखर उजेडाला थोडं वळवते; उजेड किती वळला, त्यावरून रसात साखर किती ते या यंत्रावर कळतं. नळीत रस भरायचा, पलीकडं पिवळा दिवा, अलीकडं आपला डोळा. आत एक गोल दिसतो, अर्धा उजळ, अर्धा काळपट. चकती फिरवत दोन्ही अर्धे सारखे झाले की आकडा वाचायचा. मी साखरेचं पाणी भरून दाखवलं. मग तिनं मिठाचं पाणी भरायला लावलं. दोन्ही अर्धे सारखेच राहिले, काहीच हललं नाही.

"साखरेनं उजेड वळतोय आन् मिठानं न्हाई. कावून, काका?"

इतकी वर्षं मी नुसते आकडे वाचत होतो. कॉलेजात कधी वाचलेलं, तेही आठवेना. पुस्तकात असेल, म्हणालो. तर म्हणाली, मग मला त्येच शिकायचंय.

आमच्या घरात एक रीत होती. शिक्षणाचं शिकलेल्याला विचारायचं आणि तो म्हणेल त्याला फाटे फोडायचे नाहीत. शिकलेला मी एकटा. दादा जनावरं घेऊन छावणीत होता. तिथं जाऊन पोरीचं सांगितलं, तर चाऱ्याची पेंढी सोडता सोडता तो म्हणाला, "मला काय इचारतो बे? तू म्हणशील ते."

यंत्र तपासायला पुण्याहून एक इंजिनियर यायचा. तो स्वतः हेच शिकलेला निघाला. त्याला विचारलं आणि माझा गोंधळ वाढला. आधी फिजिक्सचं बीएस्सी, मग एमएस्सीला ऑप्टिक्स. किंवा बीएस्सीवर कलकत्त्याला तीन वर्षांचं बी.टेक. किंवा केरळात बारावीनंतरच पाच वर्षं सलग फोटॉनिक्स. नाहीतर जवळच कुठं इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियरिंग करून टेलिफोनच्या फायबर केबलच्या कामात शिरायचं. ऑप्टिक्स आणि फोटॉनिक्स एकच की वेगळं, हे मी दोनदा विचारलं. एकात भिंगं-आरसे जास्त, दुसऱ्यात लेसर आणि फायबर, असं काहीसं तो म्हणाला. वर, तसं एकच, असंही म्हणाला. पुढं नोकरीचं काय, तर हसला. "साहेब, मी तुमच्या कारखान्यात आलोय की."

कॉलनीत येईपर्यंत डोक्यात कलकत्ता, केरळ आणि फायबर एकमेकांत कालवले गेले होते. आमच्या घरातली पोर केरळात काय बोलेल, कुणाशी बोलेल? नाही जमलं तर दादा मला काय म्हणेल? काहीच म्हणणार नाही. तेच जड होतं.

लॅबमध्ये आमची एक सवय होती. दोघांचं रीडिंग जुळलं नाही तर वाद घालायचा नाही, मधलं धरायचं. पोरीचंही मी तसंच केलं. फिजिक्स एका बाजूला, पोटापाण्याचं दुसऱ्या बाजूला, म्हणून मधली केमिस्ट्री. सभासदांच्या पोरांना कारखाना नोकरीत आधी घ्यायचा, दादा सभासद होता, बॉयलर कधीतरी पेटणारच होता. मला ते खरंच शहाणपणाचं वाटलं. मग तेवढंच सांगायला हवं होतं. पण रात्री जेवताना मी म्हणालो, तसली पदवी आपल्या देशात नाही, मी चौकशी केलीय.

ती वाढत होती. पळी हातात तशीच राहिली. "नक्की न्हाई ना, काका?"

"नक्की."

तिनं मला वरण वाढलं. परत कधी विचारलं नाही.

केमिस्ट्री तिनं चांगल्या मार्कांनी केली. कारखाना त्यानंतर एक-दोन हंगाम कसाबसा चालला आणि बंद पडला. आता ती घाटनांदूरला असते, घरी शिकवण्या घेते.

मागच्या उन्हाळ्यात तिच्याकडं गेलतो. तिची लेक बारावी झालीय. मायलेकी मोबाईलवर कॉलेजं बघत बसलेल्या. मलाही विचारलं, साधं फिजिक्स बरं, की इंजिनियरिंग फिजिक्स, की थेट फोटॉनिक्स? मी मोबाईल हातात घेऊन बघितला आणि परत दिला. मग लेकीनं आईला विचारलं, तू का नाही केलंस हे?

"आमच्या टायमाला नव्हतंच. काकांनी लई चौकशी केलती," पुतणी म्हणाली आणि माझ्याकडं बघून हसली. माझी बाजू घेतल्यासारखी.

मी बशीत चहा ओतला, प्यालो, बशी खाली ठेवली. बोलायला तोंड उघडलं आणि ऊन फार आहे म्हणालो. तिला राग येईल याची भीती होती, की येणार नाही याची, ते कळत नाही.

पदव्यांमधलं मला अजून कळत नाही. एवढं कळतं, की त्या वर्षी ती पदवी होती, मला ती माहीत होती, आणि तरी मी नक्की म्हणालो. हे तिला, तिच्या लेकीसमोर, तोंडानं सांगणं माझ्याकडं बाकी आहे.