वजनकाट्यावरचे अण्णा

श्री. भीमाशंकर बिराजदार यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. चाकणच्या आमच्या कंपनीत मी स्टोअर्समध्ये कारकून होते आणि ते गेटजवळच्या वजनकाट्यावर होते. माल घेऊन आलेली गाडी आधी भरलेली तोलायची, माल उतरवून झाला की रिकामी तोलायची आणि वजाबाकी करून उरेल तो माल, असे त्यांचे काम. एका संध्याकाळी पत्रा घेऊन आलेल्या गाडीची पावती त्यांनी अडवून ठेवली. शिफ्ट सुटायला दहा मिनिटे होती, कंपनीची बस कोणासाठी थांबत नसे, आणि त्या पावतीशिवाय माझी नोंद पुरी होत नव्हती. मी तरातरा काट्यावर गेले. बिराजदार केबिनच्या खिडकीतून ड्रायव्हरला शांतपणे विचारत होते, "भरलेली आली तवा मागं स्टेपनी होती. आता कुठं हाय?"

ड्रायव्हर आभाळाकडे बघू लागला. शेवटी स्टेपनी, जॅक, साखळ्या आणि पाण्याचे पिंप असा सगळा संसार शेडच्या मागे सापडला. रिकामी गाडी हलकी दिसली की माल जास्त भरतो, हा त्यातला हिशेब मला त्या दिवशी कळला. बिराजदारांनी एकेक वस्तू परत गाडीत चढवून घेतली, काट्यावरचा चिखल स्वतः झाडला, काटा शून्यावर आणला आणि गाडी पुन्हा तोलली. माझी बस गेली. दोन गाड्या बदलत मी मोशीला घरी पोहोचले. हा माणूस हट्टी आहे असे माझे त्या दिवशी मत झाले. पंचवीस वर्षांत ते बदलण्याचे कारण मला मिळालेले नाही.

बिराजदारांच्या, म्हणजे आपल्या अण्णांच्या, वयाला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत म्हणून आपला सकाळचा व्यायामगट 'पहिली पाळी' हा गौरवग्रंथ काढत आहे. संपादकांनी मला मोकळ्या मनाने लिहायला सांगितले आहे. मोकळे मन हा माझा प्रांत नाही. मी आयुष्यभर आलेल्या-गेलेल्या मालाच्या नोंदी केल्या. डोळ्यांनी पाहिले तेवढे लिहिते.

अण्णा मूळचे उदगीरकडचे. तरुणपणी कामासाठी इकडे आले, थेरगावात एका खोलीत चौघे-पाचजण मिळून राहिले, पुढे मोशीत फ्लॅट घेतला. आम्ही त्याच सोसायटीत, त्यांच्यावर दोन मजले. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांचे पोट हा कंपनीत चेष्टेचा विषय होता. वर्षानुवर्षे केबिनमध्ये बसून काम, कँटीनचा वडा आणि येणारा प्रत्येक ड्रायव्हर आग्रहाने पाजेल तो चहा, यातून दुसरे काही होणारही नव्हते. निवृत्तीनंतर नातीच्या बारशाला जमिनीवर पंगत बसली. जेवण झाले, मंडळी उठली आणि अण्णांना उठता येईना. दोन्ही जावयांनी काखेत हात घालून त्यांना उभे केले. "पोटाची लाज मला कधी वाटली न्हाई," ते सांगतात, "पण त्या दिवशी पायाची वाटली. दोन जावई लागले राव, एका माणसाला उभं करायला!"

त्यानंतर त्यांनी सोळा किलो वजन उतरवले. त्याला तीन वर्षे लागली. हा तीन वर्षांचा आकडा ते सोळापेक्षा मोठ्या आवाजात सांगतात. भाकरी त्यांनी सोडली नाही. तिनाची दीडवर आणली आणि ताटात उसळ, वरण, ताक वाढवले. हात छातीशी बांधून खुर्चीतून उठायचे आणि बसायचे, असे सुरुवातीला पाच वेळा, मग दहा, मग वीस. लिफ्ट चालू असताना किराण्याच्या पिशव्या जिन्याने वर न्यायच्या. शकुंतलावहिनींना हे सगळे खूळ वाटत असे. "पहिल्या वर्षी काई दिसंचना," त्या म्हणतात. "मला वाटलं, ह्ये नुसतं खुर्चीशी खेळायलेत."

खुर्चीशी खेळणारे हळूहळू वाढले. सकाळी साडेसहाला पार्किंगच्या मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग लागू लागली. बहुतेक सगळे कारखान्यांतून निवृत्त झालेले, म्हणून नाव पडले पहिली पाळी. अण्णांनी इथेही काट्याचीच शिस्त आणली. वजन महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी. काटा तोच, कपडे तेच, चहाच्या आधी. रोज वजन बघणाऱ्याला ते वहीला हातसुद्धा लावू देत नाहीत. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे दोन रकाने असतात. पहिला वजनाचा. दुसरा, अर्ध्या मिनिटात माणूस हात न लावता खुर्चीतून किती वेळा उठला त्याचा, आणि हा लाल शाईने लिहिलेला असतो. वजन उतरले आणि लाल आकडाही उतरला, तर अण्णा अभिनंदन करत नाहीत. घरी जाऊन स्वयंपाकघरात चौकशी करतात.

थेरगावहून येणारे आपले शिंदे, निवृत्त फिटर, एका रविवारी अडीच किलोंनी हलके भरले. त्यांच्या चेहऱ्यावर बक्षीस मिळाल्याचा आनंद होता. अण्णांनी त्यांच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिले आणि विचारले, "कालपासून पाणी किती प्यालाव?" मग सगळ्यांसमोर त्यांना बाटलीभर पाणी पाजण्यात आले, नाश्ता करायला घरी पाठवण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोलण्यात आले. वजन जागच्या जागी होते. "भावा, आख्खी जिंदगी ड्रायव्हर लोकांनी मला फसवायचा प्रयत्न केला," अण्णा म्हणाले, "तू तर स्वतःलाच फसवलालास." शिंदे आठ दिवस रुसले. नवव्या दिवशी खुर्ची घेऊन हजर होते.

आता माझ्याबद्दल. हे लिहिताना मला फारसा आनंद नाही, पण हे वगळून अण्णांविषयी लिहिणे म्हणजे अर्धी नोंद झाली असती.

सहा वर्षांपूर्वी माझ्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे दोन-चार शब्दांवर आले. अंथरुणातून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममध्ये असे दिवसातून सात-आठ वेळा त्यांना उभे करावे लागते. मी नुकतीच निवृत्त झाले होते. हे काम माझे. दोन वर्षांनी माझे गुडघे बोलू लागले आणि रक्तातली साखर वाढली. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितले. कसे, ते मी विचारले नाही. आपल्या बायकांना ते विचारावेसे वाटत नाही. उपवास आपल्याला येतोच. सोमवार होताच, त्याला गुरुवार जोडला, चतुर्थ्या आणि एकादश्या घेतल्या. मधल्या दिवशी एक फुलका आणि दुधीचे पाणी. देवाचेही झाले आणि देहाचेही, असा माझा समज होता. पहिल्या पाळीत तेव्हा मी जात नव्हते. माणसे खुर्चीत बसतात आणि उठतात, यात शिकण्यासारखे काय आहे?

चार महिन्यांत बारा किलो उतरले. ब्लाउज आत घेतले. भिशीत सगळ्या म्हणाल्या, "किती बारीक झालात हो! दहा वर्षांनी लहान दिसताय." मी ते मनावर घेतले. जिना चढताना धाप लागत होती, बरणीचे झाकण फिरत नव्हते, त्याकडे मी लक्ष दिले नाही.

मग एका सकाळी यजमानांना बाथरूममधून उठवताना माझे पाय थरथरले आणि आम्ही दोघे खाली आलो. पडलो असे म्हणता येणार नाही. मी त्यांना धरून भिंतीला टेकत टेकत खाली बसले. लागले नाही. पण मला त्यांना उठवता येईना, आणि मलाही उठता येईना. ते माझ्याकडे बघत होते. लग्नाला छत्तीस वर्षे झाली होती आणि त्यांना मी एवढे घाबरलेले कधी पाहिले नव्हते. मी हाका मारल्या. शेजारच्यांनी त्यांच्याकडे ठेवलेल्या चावीने दार उघडले आणि अण्णांना बोलावून आणले.

अण्णांनी आधी यजमानांना उचलले, मग मला हात दिला. मी पाण्याचा घोट घेईपर्यंत ते थांबले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "पाठकताई, गाडी हलकी झाली हे दिसलालं. पण माल उतरला का गाडीचेच भाग उतरले, हे बघितलाव का?"

मला राग आला. नंतर डॉक्टरांकडे गेले तर त्यांनीही तेच सांगितले, फक्त लांबवून. या वयात उपाशी राहून घाईने वजन उतरवले की चरबीबरोबर मांसही जाते, आणि गेलेले मांस तरुणपणासारखे परत येत नाही. त्यासाठी पोटभर डाळी-कडधान्ये आणि रोजची मेहनत लागते.

त्याच आठवड्यात मुलाचा बेंगळुरूहून फोन आला. तो शांतपणे म्हणाला, "आई, बाबांना आता शुश्रूषा केंद्रात ठेवू या. तू पडलीस तर दोघांचं कोण बघणार?" त्याचे चुकत नव्हते. चिंचवडच्या एका केंद्राचा फॉर्म मी आणला आणि सुबक अक्षरात भरला. सही तेवढी राहिली होती. यजमानांना मी सांगितले नव्हते, पण टेबलावरचा कागद त्यांनी पाहिला असावा. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत.

अण्णांनी तो फॉर्म वाचला. "सही तीन महिने थांबवा," ते म्हणाले. "तवर मी हाय."

त्या दिवसापासून तीन महिने, सकाळी आणि संध्याकाळी, एकाहत्तर वर्षांचा हा माणूस दोन मजले जिना चढून यजमानांना उठवायला येत होता. मधल्या वेळेला वहिनींनी शेजारच्यांच्या पाळ्या लावून दिल्या होत्या. एक दिवस खाडा झाला नाही. आभार मानलेले त्यांना आवडत नाहीत. ताक मात्र ते हक्काने मागून घेत. डॉक्टरांना विचारून माझे उपवास त्यांनी एकावर आणले. तो सोमवारचा. मुगाची उसळ खाल्ली का, याची ते हजेरी घेत. रोज वीस मिनिटे खुर्ची. मग पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातात घेऊन खुर्ची. मग गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, माणूस कसा उचलायचा याची तालीम, आणि तालमीला स्वतः अण्णाच ओझे होऊन बसत.

पहिल्या रविवारी काट्यावर माझे वजन वाढलेले निघाले. दुसऱ्या महिन्यात आणखी. मी तणतणत म्हणाले, "अण्णा, तीन किलो वाढले! एवढ्यासाठी उपवास सोडले का?"

"वाढू द्या," ते वही मिटत म्हणाले. "स्टेपनी परत बसलाली."

तिसरा महिना संपला त्या सकाळी ते नेहमीच्या वेळी आले, पण दारातच उभे राहिले. दोन्ही हात पाठीमागे. मी म्हटले, "या ना." ते हलले नाहीत. मला समजले आणि भीती वाटली. मी यजमानांसमोर वाकले, त्यांचा डावा हात माझ्या खांद्यावर घेतला, पाय रोवले. पहिल्यांदा जमले नाही. मागे वळून पाहिले. अण्णा छताकडे बघत होते. दुसऱ्यांदा यजमान उभे राहिले आणि उभे राहिल्यावर हसले. मी रडले. अण्णा म्हणाले, "उद्यापासून मी सकाळी झोपतो," आणि खाली निघून गेले. फॉर्म मी त्याच दिवशी रद्दीत घातला.

याला साडेतीन वर्षे होत आली. वाढलेले वजन पुढच्या दोन वर्षांत सावकाश उतरले, आणखी थोडे गेले, आणि तिथेच राहिले आहे. भिशीत आता कोणी कौतुक करत नाही. लाल रकान्यात मात्र माझा आकडा शिंद्यांच्या वर आहे, आणि हे या ग्रंथात छापून यावे अशी माझी इच्छा आहे.

अण्णांचे दोषही मला माहीत आहेत. ते फटकळ आहेत, दुसऱ्याच्या ताटात डोकावतात, समारंभात जिलबी घेणाऱ्याला शांतपणे जेवू देत नाहीत. पण त्यांनी कोणाला जे करायला सांगितले ते आधी स्वतः केले, आणि समोरच्याला जमेपर्यंत त्याचे ओझे स्वतः उचलले. अशी माणसे मी नोकरीत फार पाहिली नाहीत. त्यांच्याविषयी मला माया वाटते, आणि ती तोंडावर सांगितली तर ते उठून जातील म्हणून इथे लिहिते. अण्णांना दीर्घ आयुष्य मिळो, त्यातला प्रत्येक दिवस त्यांच्या हातापायांत बळ राहो आणि शकुंतलावहिनी सोबत असोत, ही माझी आणि आपल्या सर्वांची मनापासून प्रार्थना.

हा लेख लिहायला बसले तेव्हा यजमान शेजारच्या खुर्चीत होते. तुमच्याकडून अण्णांना काय लिहू, असे मी विचारले. त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो. मी पेन धरून थांबले.

"लिही," ते म्हणाले, "मी... घरीच आहे."