मागच्या पायऱ्या

पोर्ट्रेटची लेन्स कपाटातून काढली की दूधविनायक मोहल्ल्यातले ते निवृत्त मास्तर आठवतात. बायकोचं दुखणं हाताबाहेर गेलं होतं, म्हणून एका सकाळी त्यांनी तिला खुर्चीत बसवून, उचलून अहिल्याबाई घाटावर फोटोसाठी आणवलं. "चाळीस वर्षं इथंच स्नान केलं. मागं पायऱ्या येऊ द्या हं," त्या म्हणाल्या. मी हो म्हणालो. पण लेन्स नवी होती. हौसेनं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, पूर्ण उघडलं, चेहरा लख्ख आला आणि मागचं सगळं धूसर झालं. तेराव्यानंतर मास्तरांनी फोटो बराच वेळ पाहिला. "चेहरा साफ आलाय," ते म्हणाले, "पण ही बसलीय कुठं, ते कळत नाही." आता मागच्या पायऱ्याही स्पष्ट येतील अशी रुंद कोनाची लेन्सही मी बरोबर ठेवतो. पायऱ्या अजून तिथंच आहेत, त्यांवर बसणारी तेवढी नाही.