मिश्राजींची चेष्टा

सुहासिनीबाई गर्ग्यांची जीभ मुळातच तिखट. चौऱ्याण्णव साली नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीने त्या लखनौला आल्या काय, स्कूटरवरून पडून मांडीचं हाड मोडलं काय! ऑपरेशननंतर डॉक्टरांनी परवानगी दिली, तरी बाई वॉकर सोडेनात. अलीगंजच्या घरी व्यायाम करवून घ्यायला येणारे मिश्राजी रोज विनवत, “चेष्टा कीजिए, बहनजी!”

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे बाईंना कुठलं ठाऊक! ‘आपणहून सांगतोय, तर होऊन जाऊ दे,’ म्हणत एके दिवशी त्या उठल्या आणि पोट पुढे काढून, मान डोलावत, हुबेहूब मिश्राजींसारख्या डुलत दारापर्यंत गेल्या.

“वाह! ऐसी ही चेष्टा रोज़ कीजिए!” मिश्राजी टाळ्या पिटत ओरडले.

बाईंनी मागे पाहिलं. वॉकर पलंगापाशीच होता.