ढगातली आत्या

"दुपारी एकला विमान सुटेल आणि संध्याकाळी सहाला तू लंडनला उतरशील," माझ्या धाकट्या भावाने, संदीपने, फोनवर सांगितलं. मी आमच्या बदलापूरच्या घरात आनंदाने ओरडलेच, "अहो, ऐकलंत का? पाचच तास! इथून विमानतळ गाठायलाच तीन लागतात!"

संदीपच्या मुलाचं बारसं त्याच दिवशी रात्री आठला होतं. मी एकुलती एक आत्या, बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा. नाव मी ठरवलं होतं आणि नवऱ्यालाही कळू दिलं नव्हतं.

विमान वेळेवर सुटलं. खाली समुद्र, मग पिवळं वाळवंट, मग बर्फाचे डोंगर! मी खिडकीला नाक लावून बसले होते. जेवणातल्या बटाट्यात मीठच नव्हतं, तरी मी तो खाल्ला.

मनगटावर सहा वाजले, सात वाजले, विमान आपलं उडतंच आहे. आठला माझा धीर सुटला. किती वर्षांनी आमच्या घरात पाळणा हलला, सगळे त्याच्याभोवती जमले असतील आणि आत्या ढगात! रडूच कोसळलं. काय वाटलं कुणास ठाऊक, खिडकीच्या काचेला तोंड लावून मी म्हटलं, "कुर्रर्र... उल्हास!"

"हां अदी (सिंधीत ताई), उल्हासनगर! तुम्ही पण तिथल्याच काय?" शेजारच्या पेंगणाऱ्या बाई दचकून उठल्या.

मी हुंदके देत सगळं सांगितलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि हसत सुटल्या. "अरे बाबा, ये घडी तो इंडियाची आहे! लंडनमध्ये आत्ता दुपारचे साडेतीन. तुमचा भतीजा आराम से झोपला असेल!"

अगं बाई! रोज फोन करताना तिकडची वेळ मला तोंडपाठ, पण डोकं बदलापूरलाच ठेवून आले होते. प्रवास साडेनऊ तासांचा, घड्याळात फरक साडेचारांचा, म्हणून ते पाच. बाईंनी डब्यातून कोकी (कांदा घातलेली जाड, खरपूस पोळी) काढून दिली. मी रडतारडताच दोन खाल्ल्या.

"नाव मात्र फोडू नका हं."

"इथे ढगात किसको सांगू, अदी?"

विमानतळावरून संदीपने मला थेट हॉलवर नेलं. बाळाच्या इवल्याशा कानाशी वाकले. "कुर्रर्र... उल्हास!" पाठीत दणादण बुक्के बसले. शेजारच्या गोऱ्या आजी तर बुक्की मारून प्रत्येक वेळी "सॉरी, सॉरी" म्हणत होत्या.

संदीप मात्र पाळण्याची दोरी धरून खाली बघत होता. मला वाटलं, जुनाट नाव, आवडलं नाही वाटतं. मग तो म्हणाला, "ताई, आपली नदी. तूच मला तिच्यात पोहायला शिकवलंस." आणि बाळाला उचलून त्याने माझ्या मांडीवर दिलं. तेव्हा मी पुन्हा रडले, पण या रडण्याची मजा वेगळी होती.

तीन आठवड्यांनी परत आले. येताना गाडीतून उल्हास नदी दिसली आणि मी उगाचच तिला हात केला. लंडन किती लांब, असं आता कुणी विचारलं तर पटकन सांगता येत नाही.

घरी पाठ टेकली तोच यांनी विचारलं, "वाजले किती गं?"

मी मनगट पाहिलं. घड्याळ मी लंडनचंच ठेवलंय. "साडेदहा. उल्हासच्या अंघोळीची वेळ."

हे जरा वेळ बोटं मोजत राहिले आणि मग उठले. "म्हणजे आपले तीन. चहा टाकतो."