सकाळी हितं काम असतंय

जिवाचं बरंवाईट करायला निघालेला मी दवाखान्यातून घरी आलो, तेव्हा सगळे माझ्याशी दबक्या आवाजात बोलायचे. दादा रोज सकाळी मला दूध कट्ट्यावर न्यायचा. तिथं डोळ्यांदेखत म्हैस पिळून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देणारा एक गडी होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, पण आवाज चौकापलीकडं जायचा. पहिल्याच दिवशी तो ओरडला, “पावणं, नुसतं उभं काय ऱ्हायलाय? हिची मान खाजवा की!”

मग ते रोजचंच झालं. म्हैस डोळे मिटायची, मीही जरा सैलावायचो.

एका सकाळी डॉक्टरांकडे जायचं होतं, म्हणून कट्टा चुकला. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांदेखत गरजला, “काल कुठं गेलतासा? म्हशीनं पान्हा सोडला न्हाय की!”

दादाचा चेहरा उतरला. मला मात्र बरं वाटलं. घरी असं कुणी रागवतच नव्हतं. “डॉक्टरांकडं. मनाच्या उपचाराला,” मी म्हणालो. बाहेरच्या माणसाला हे पहिल्यांदाच सांगत होतो.

तो धार काढतच म्हणाला, “मग त्यांस्नी सांगा, दुपारची वेळ द्या. सकाळी हितं काम असतंय.”

पुढच्या भेटीत मी तसंच सांगितलं. डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या, आणि त्यांनी दुपारची वेळ दिली.